रक्त आधी दिलेलं असावं लागतं

"अर्जंट. बी पॉझिटिव्ह रक्त पाहिजे. पेशंट मिरजेला ॲडमिट आहे. कृपया मेसेज पुढे पाठवा."

जत तालुक्यातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज अधूनमधून येतोच. आपण हात जोडलेलं चित्र टाकतो, दोन ग्रुपवर पुढं ढकलतो. कुणीतरी भला माणूस हातातलं काम टाकून गाडीला किक मारतो आणि मिरजेला पोचतोही. पण मेसेज फिरतच राहतो. तीन दिवसांनी पुन्हा तोच मेसेज येतो, तोवर पेशंटचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

हे मेसेज जरा नीट वाचा. बरेचसे ओ पॉझिटिव्ह, बी पॉझिटिव्हचे असतात. म्हणजे आपल्याकडं सगळ्यात जास्त माणसांत सापडणारे गट. आपल्या गल्लीत दर पाच-सहा माणसांत एक तरी असा निघेल. तरीही ते रक्त शोधत फिरावं लागतं. असं का होतं, हे समजून घ्यायला थोडा इतिहास बघावा लागतो. म्हणून आज जरा लांबण लावतोय, सवड काढून वाचा.

कोकरापासून सुरुवात

माणसाला बाहेरून रक्त देण्याचा प्रयोग पॅरिसमध्ये 1667 साली झाला. झां बाप्तिस्त दनी नावाच्या डॉक्टरनं एका मुलाला कोकराचं रक्त दिलं. तो वाचला, नंतरचा एक रुग्ण मेला, खटला उभा राहिला आणि हा प्रकार पुढं दीडशे वर्षं बंदच पडला.

तो पुन्हा सुरू झाला बाळंतिणींमुळं. लंडनचे डॉक्टर जेम्स ब्लंडेल बाळंतपणात रक्तस्राव होऊन बायका डोळ्यांदेखत मरताना बघत होते. जनावराचं नको, माणसाचं रक्त माणसाला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. 1818 पासून प्रयत्न सुरू केले आणि 1829 मध्ये बाळंतपणातल्या रक्तस्रावाच्या एका बाईला असं रक्त देऊन वाचवल्याची नोंद झाली. या गोष्टीला आता दोनशे वर्षं होत आली. तरी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आजही माता दगावण्याचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण आहे. असा स्राव जोराचा असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. उमदी किंवा संखहून मिरजेपर्यंतचा रस्ता डोळ्यापुढं आणा आणि हे दोन तास मोजा.

ब्लंडेलचे काही रुग्ण वाचले, काही मेले. का, ते कुणाला कळत नव्हतं. ते कळलं 1901 मध्ये. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिलं की माणसांच्या रक्ताचे गट वेगवेगळे असतात आणि न जुळणारं रक्त दिलं की त्याच्या लाल पेशी एकमेकींना चिकटून आणि फुटून शरीरात घात करतात. त्यांना 1930 चं नोबेल मिळालं. 14 जून हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक रक्तदाता दिन त्या तारखेला असतो.

गट कळले, पण रक्त बाहेर काढलं की काही मिनिटांत गोठायचं. त्यामुळं दाता आणि रुग्ण शेजारी शेजारी झोपवून एकाच्या शिरेतून दुसऱ्याच्या शिरेत रक्त सोडावं लागे. 1914 च्या सुमारास बेल्जियमचे आल्बेर उस्तँ आणि अर्जेंटिनाचे लुईस आगोते यांनी सोडियम सायट्रेट मिसळलं की रक्त गोठत नाही, हे माणसावर वापरून दाखवलं. रक्त बाटलीत राहायला लागलं ते तेव्हापासून.

लंडनचा टेलिफोन आणि आपला व्हॉट्सॲप

आता येते आपल्या कामाची गोष्ट. 1921 साली लंडनमध्ये रेडक्रॉसचं काम करणारे पर्सी लेन ऑलिव्हर यांना एका हॉस्पिटलचा फोन आला, रक्त द्यायला कुणीतरी तातडीनं पाहिजे. ते आणि त्यांचे सहकारी धावले. मग त्यांनी स्वखुशीनं रक्त देणाऱ्यांची यादीच केली. हॉस्पिटलचा फोन आला की यादी बघायची, जवळच्या माणसाला निरोप द्यायचा, तो जाऊन रक्त देणार. पैसे नाहीत. जगातली संघटित ऐच्छिक रक्तदानाची ही पहिली मोठी व्यवस्था.

आपला व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे ऑलिव्हरचा फोन. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत आपण पाच इंचाच्या स्क्रीनवर चालवतोय. उलट ऑलिव्हरकडं माणसं आधी तपासलेली होती, गट लिहून ठेवलेले होते. आपण तर जो वाचेल त्याच्या भरवशावर निरोप हवेत सोडून देतो.

ती पद्धत पुढं मागं का पडली? कारण फोन करायलाही वेळ लागतो. 1937 साली शिकागोच्या कूक काउंटी हॉस्पिटलमध्ये डॉ. बर्नार्ड फँटस यांनी आधीच रक्त जमा करून थंड जागी ठेवायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं 'ब्लड बँक'. आधी ठेव, मग उचल. त्या वेळी जत डफळ्यांचं संस्थान होतं, विलीनीकरणाला अजून अकरा वर्षं होती. आणि आपल्या भागातला पेशंट तेव्हाही मिरजेलाच जायचा, कारण डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथं 1894 पासून उभं होतं.

मराठीत आपण बँकेला 'पेढी' म्हटलं. रक्तपेढी. शब्द चपखल आहे. पेढीचा नियम जतच्या बाजारपेठेतल्या माणसाला वेगळा सांगायला नको: ज्या पेढीत कुणी ठेवच ठेवत नाही, तिथून उचल कशी मिळणार?

आपल्या देशात काय झालं

भारतातली पहिली रक्तपेढी 1942 मध्ये कलकत्त्यात निघाली, ती महायुद्धातल्या जखमींसाठी. मुंबईत 1954 पासून लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली. लोकांना सुईची भीती, रक्त दिलं की माणूस खंगतो ही समजूत, अशा काळात या बाईंनी घराघरांतून, कारखान्यांतून माणसं गोळा केली. 1963 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज महाराष्ट्र रक्तदानात देशात पुढं आहे असं आपण अभिमानानं सांगतो, त्याची पहिली वीट अशी ठेवली गेली.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. 1952 मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असा एक गट सापडला, की ज्या माणसाला ए, बी, ओ यांपैकी कुणाचंच रक्त चालत नाही. त्याला फक्त त्याच गटाचं रक्त लागतं. हाच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. या गटाच्या दात्यांना जोडून ठेवायचं मोठं काम आपल्याच जिल्ह्यातल्या तासगावातून चालतं. इथं मात्र ऑलिव्हरची यादीच कामाची, कारण दहा हजारांत एखादा माणूस असतो. दुर्मीळ गटाला फोन करावाच लागतो. पण बी पॉझिटिव्हसाठी फोन करावा लागत असेल, तर पेढी रिकामी आहे एवढाच त्याचा अर्थ.

मधली काही वर्षं फार वाईट होती. रक्त विकलं जात होतं. दारूच्या पैशासाठी, पोटासाठी माणसं आठवड्या-पंधरवड्याला रक्त विकायची. आजार लपवायची, अंगात रक्त नसताना द्यायची. त्यात एचआयव्ही आला. देशात हजाराच्या आसपास रक्तपेढ्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त विनापरवाना, अशी अवस्था होती. एच. डी. शौरी यांच्या 'कॉमन कॉज' संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 4 जानेवारी 1996 ला निकाल लागला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा झाल्या आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं.

हा निकाल फार चांगला होता. पण त्यानं एक जबाबदारी गुपचूप आपल्या अंगावर टाकली. त्या दिवसापासून देशातली प्रत्येक पिशवी कुणीतरी फुकट, स्वखुशीनं दिलेली असायला पाहिजे. विकत मिळत नाही, कारखान्यात तयार होत नाही. आपण दिलं नाही तर नाही.

आपली सवय कुठं चुकते

आपण रक्त देत नाही असं कुणी म्हणू नये. जयंती आली की देतो, नेत्याचा वाढदिवस आला की देतो, गणपतीत देतो. संकट आलं तर रांगा लावतो. 11 जुलै 2006 ला मुंबईत लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्या रात्री लोक पावसापाण्याची पर्वा न करता हॉस्पिटलबाहेर रक्त द्यायला उभे होते. माणुसकी म्हणून त्याला तोड नाही.

पण दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी पाच प्रकारची तपासणी करावी लागते. त्याला तास जातात. त्यामुळं अपघाताच्या रात्री जे रक्त जखमीच्या शिरेत जातं ते रांगेतल्या माणसाचं नसतं. आठ-पंधरा दिवसांपूर्वी, काहीही घडलेलं नसताना, कुणी शांतपणे देऊन गेलेलं असतं. वाचवणारा तो असतो. त्याला ते कधी कळतही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्त टिकत नाही. साधी पिशवी 35 दिवस. लाल पेशी वेगळ्या करून विशिष्ट द्रावणात ठेवल्या तर 42 दिवस. डेंगीत ज्यासाठी धावाधाव होते त्या प्लेटलेट फक्त 5 दिवस. गोठवलेला प्लाझ्मा तेवढा वर्षभर राहतो. आता एका जयंतीला दोन-तीन हजार पिशव्या गोळा झाल्या आणि पुढं दोन महिने काहीच नाही, तर काय होणार? काही वापरल्या जातात, काही मुदत संपून टाकाव्या लागतात आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा मेसेज सुरू. 2017 मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं होतं की पाच वर्षांत देशभरात 28 लाखांहून जास्त पिशव्या वाया गेल्या. सगळ्या मुदतीमुळं नाही, काही तपासणीत बाद झालेल्याही होत्या. पण वाया घालवण्यात आपला महाराष्ट्रही पुढं होता, हे विसरू नका.

जतच्या माणसाला हे डाळिंबाच्या भाषेत सांगतो. बागेला महिन्याचं पाणी एका दिवशी पाटानं सोडलं तर बाग जगत नाही, उलट मर रोग लागतो. रोजचं थोडं थोडं, ठिबकनं पाहिजे. रक्ताचंही तसंच आहे. आपण पाटपाणी देतोय आणि गरज ठिबकची आहे.

जतला हे जास्त का लागतं

क्षेत्रानं जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका आपला. अवघड पेशंट मिरज-सांगलीला, नाहीतर विजयपूर-सोलापूरला जातो. पूर्व भागातून निघालं तर रस्त्यातच दोन तास मोडतात.

राज्य सरकारनं साताऱ्यात आणि सिंधुदुर्गात आधी करून बघितलेली एक योजना 7 जानेवारी 2014 पासून सगळीकडं लागू केली होती, 'जीवन अमृत'. 104 वर फोन करायचा आणि मोटारसायकलवरून थंड पेटीत रक्त हॉस्पिटलपर्यंत यायचं. कल्पना उत्तम. पण पल्ला होता 40 किलोमीटरचा. सांगलीपासून 40 किलोमीटरची रेघ ओढली तर जत त्याच्या कितीतरी बाहेर. ज्यांना सगळ्यात लांब जावं लागतं, तेच या वर्तुळात नव्हते. 2022 मध्ये ती सेवाही बंद झाली.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. 2001 साली केंद्रानं नियम बदलून ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी 'रक्त साठवण केंद्र' ठेवायला परवानगी दिली. स्वतःची रक्तपेढी नको, मोठ्या पेढीकडून तपासलेल्या पिशव्या आणून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि लागतील तशा द्यायच्या. जतसारख्या लांबच्या तालुक्यासाठीच ही तरतूद आहे. ती पूर्ण ताकदीनं चालावी म्हणून प्रशासनाला विचारायचा हक्क आपला आहेच. पण फ्रिज सरकारनं दिला तरी आतली पिशवी माणसानंच भरायची असते.

आणि आपलं वर्षाचं चक्र बघा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, गावोगावची धट्टीकट्टी माणसं मार्च-एप्रिलपर्यंत फडात असतात. फेब्रुवारी-मार्चला द्राक्षाची घाई. एप्रिल-मेला ऊन, लग्नसराई आणि कॉलेजला सुट्टी. कॉलेज बंद म्हणजे शिबिरातली अर्धी रांग गायब. थॅलेसेमियाच्या लेकराला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्याला उन्हाळी सुट्टी नसते.

थोडं गणित

जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा, की किमान गरज भागायला लोकसंख्येच्या एक टक्का पिशव्या वर्षाला लागतात. 2011 च्या जनगणनेत आपला तालुका सुमारे 3 लाख 28 हजारांचा. एक टक्का म्हणजे 3,280 पिशव्या. दिवसाला नऊ.

नऊ! आकडा ऐकून छाती दडपायचं कारण नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी रक्त देता येतं. एका माणसानं वर्षात तीनदा दिलं, तर साधारण अकराशे माणसं पुरतात. म्हणजे तीनशे माणसांत एक. तालुक्यात शंभरावर गावं आहेत. गावामागं दहा माणसं.

गावात भजनी मंडळाला दहा माणसं मिळतात, क्रिकेटला अकरा मिळतात. रक्ताला दहा मिळणार नाहीत?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, शिबिरांची संख्या वाढवू नका, तारखा वाटून घ्या. एका महिन्यात जत शहर, पुढच्यात डफळापूर, मग शेगाव, बिळूर, माडग्याळ, संख, उमदी. बारा महिने, बारा ठिकाणं. जयंती साजरी कराच, पण त्या दिवशी पाचशे पिशव्या काढण्यापेक्षा शंभर काढा आणि उरलेल्या चारशे जणांची नावं पुढच्या चार महिन्यांत घाला. रक्तपेढीवाल्यांनाही हेच पाहिजे असतं, विचारून बघा. एप्रिल, मे आणि दिवाळीचा महिना आधी भरा, कारण खड्डा तिथं पडतो. कारखान्याला जाणाऱ्यांनी दसऱ्याआधी द्यावं, आल्यावर पाडव्यानंतर द्यावं.

नेहमीच्या शंका

"रक्त दिलं की अशक्तपणा येतो." वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 असेल तरच घेतात. 350 मिलिलिटर जातं. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. त्यासाठीच तीन महिन्यांचं अंतर ठेवलंय.

"आम्ही फुकट देतो आणि ते विकतात." घेतला जातो तो तपासणी, पिशवी आणि साठवणुकीचा खर्च. त्याचे दर ठरलेले आहेत. त्याहून जास्त कुणी मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा. पण एखाद्याच्या पावतीचा राग बाळंतिणीवर काढू नका.

"आमच्या बायकांना परत पाठवलं." हो, हे होतं, आणि ते आपलंच दुखणं आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. जिला देता येत नाही तिलाच बाळंतपणात घ्यायची वेळ येते. त्यामुळं घरातल्या पुरुषानं तिच्या वाट्याचंही द्यायचं आणि तिच्या ताटात शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, कडधान्य जातंय का तेही बघायचं.

"आमचं रक्त सांगली-मिरजेला जातं." जातंच, कारण आपला पेशंटही तिथंच जातो. आणि पूर्वेकडचा पेशंट विजयपूरला गेला तर तिथं कुणा कन्नड माणसाचं रक्त त्याला चढतं. पाण्यासाठी आपण दोन्ही राज्यांच्या दारात उभं राहिलोय, 2012 ला ठराव केले, अजूनही भांडतोय, भांडलंच पाहिजे. पण या एका बाबतीत सीमा कधीच नव्हती. मराठीत रक्तदान, कन्नडमध्येही रक्तदानच. शब्दसुद्धा बदलत नाही.

आता हे वाचून झाल्यावर लाइक नाही दिलात तरी चालेल. घरात कॅलेंडर असेल, त्यावर आपण शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख आठवून बघा. तिथून तीन महिने मोजा आणि पुढच्या तारखेभोवती गोल करा. कधीच दिलं नसेल तर येत्या महिन्यातल्या कुठल्याही दिवसावर गोल करा. आपल्या गावातली दहा नावं एका वहीत लिहा, प्रत्येकासमोर गट आणि तारीख लिहा. ती वही ग्रामपंचायतीत, तालमीत नाहीतर दूध डेअरीत ठेवा, जिथं रोज चार माणसं येतात.

पुढच्या वेळी मिरजेला आपला कुणी ॲडमिट असेल, तेव्हा मेसेज टाकायची वेळ येऊ नये. डॉक्टरनं रक्त मागावं आणि ते फ्रिजमध्ये असावं. कुणाचं आहे ते कळायचं कारणच नाही. कदाचित ते संखच्या एखाद्या पोरानं मागच्या मंगळवारी, काहीही कारण नसताना, येऊन दिलेलं असेल.